स्टार मिळाला, वजाबाकी आली का?

गगनबावड्याकडची ही झेडपीची शाळा. पाऊस कसा लागलाय बघा, पत्र्यावर एवढा आवाज की बाईंचं बोलणं मागच्या रांगेला ऐकू जाईना, आणि तरी चौथीची पोरं टॅबवरनं मान वर काढायला तयार नाहीत.

ह्या पोराचं बोट बघा. ५२ वजा २७. पस्तीस दाबलं, लाल. पंचेचाळीस, लाल. मग पंचवीस, हिरवं, स्टार, टाळ्या, अ‍ॅपमध्ये नोंद झाली की ह्याला हे गणित येतंय.

बाईंनी तेच गणित पाटीवर घातलं. दोनातनं सात जाईनात म्हणून गड्यानं सातातनं दोन काढले. परत पस्तीस. हातचा घेतलास का, हे टॅबनं विचारलंच नव्हतं.

१९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, पोराला शाळेत घालत नसलेल्या बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हा पोर वर्गात आलं का एवढं मोजून भागत होतं. आता टॅब किती तास चालला, किती व्हिडिओ बघितले हे मशीनच सांगतंय, पण आलं काय हे बघायचं तर आधी पायाभूत चाचणी पाहिजे, चार-पाच महिन्यांनी तेवढीच अवघड दुसरी, आणि टॅब नसलेल्या वर्गाचीपण घ्यायला पाहिजे, कारण पोरं तशीही थोडी पुढं सरकतातच की. पेरू देशात खेड्यातल्या शाळांना लॅपटॉप वाटले आणि सव्वा वर्षानं असंच मोजलं, गणितात आणि भाषेत काही फरक नाही. दिल्लीत मात्र चिठ्ठी टाकून काही पोरांना शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरवर शिकवलं, साडेचार महिन्यांत गणित चांगलंच सुधारलं. तिथलं सॉफ्टवेअर पोराची इयत्ता कुठली हे न बघता पोर कुठं अडकलंय ते शोधून तिथनं सुरू करायचं. शिवाय छोट्या गटाला एक शिकवणारा होताच.

आपल्याकडं टॅब लोकवर्गणीतनं आले, उद्घाटन झालं, अहवालात फोटो गेले, चाचणीचा रकाना त्यात नाही.

बाई खाली बसल्यात. दहा काड्यांचा गठ्ठा सोडला, पाचाचे राहिले चार, बारातनं सात मोज म्हणाल्या. पोरगा बोटानं पाटी पुसतोय, दोनाच्या डोक्यावर बारीक बारा लिहितोय.