मुक्तांगण: मॅडमनी घडवलेली माणसं

(दृश्य: येरवडा, मुक्तांगणची इमारत, सकाळची प्रार्थना)

ओळीनं बसलेल्यांत कुणी रिक्षा चालवणारा आहे, कुणी बँकेतला, कुणाचं कॉलेज अर्धवट सुटलेलं. सगळे व्यसन सोडायला आलेले. मुक्तांगण या पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांना रुग्णमित्र म्हणतात.

(दृश्य: जुने फोटो)

ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, मध्यमवर्गीय घरांतही शिरली होती. लेखक अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांमध्ये फिरून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं.

(दृश्य: गटसभा, समुपदेशकाचा चेहरा जवळून)

गर्द बंद केली की अंग ठणकतं, नाक वाहतं, जुलाब होतात, डोळ्याला डोळा लागत नाही. ही 'टर्की'. औषधांच्या आधारानं ती निभते. खरं काम त्यानंतरचं, हे अनिता मॅडमनी ओळखलं होतं. हो, सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. डॉक्टरला थापा मारता येतात; ज्यानं स्वतः त्याच थापा मारून आईचे दागिने विकलेत, त्याला कशा मारणार? म्हणून बरे झालेल्यांनाच त्यांनी कामावर घेतलं, शिकवलं, समुपदेशक केलं. ज्यांना नातेवाईक उंबऱ्यात उभं करत नव्हते, त्यांच्यावर वॉर्ड सोपवला. औषधं लिहून देणारे पुष्कळ असतात. हा भरवसा टाकणं ही मॅडमची सगळ्यात मोठी कामगिरी.

समोर गट घेतायत तेही इथलेच जुने रुग्णमित्र. उपदेश करत नाहीत. स्वतःचं सांगतात, मग समोरचा बोलू लागतो.

(दृश्य: 'सहचरी'ची सभा)

या रुग्णमित्रांच्या बायका. नवऱ्याचं व्यसन हा आजार आहे, आपल्या वागण्याची शिक्षा नव्हे, हे त्यांना इथे कुणीतरी पहिल्यांदा सांगतं.

(निवेदन नाही. वीस सेकंद मूळ आवाज.)

(दृश्य: मॅडमचा फोटो, कार्यालय)

१९९७ मध्ये कर्करोगानं मॅडम गेल्या. काम मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे नेलं. व्यसनात अडकलेल्या स्त्रियांच्या उपचारांसाठी 'निशिगंध' सुरू झालं.

(दृश्य: मंच, व्यसनमुक्तीचे वाढदिवस)

हे वाढदिवस व्यसन सोडल्या दिवसापासून मोजतात. मधे कुणी घसरला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. गटात येणं मात्र बंद होत नाही. आणि दहा वर्षं झाली, तरी फॉलोअपला यायचंच.