सत्तावीसच्या यादीबाहेर

मंडळी, आजचा जाहीर झालेला विषय आहे ‘वादक अकाली गेल्यावर त्याच्या बँडने काय करावं?’ त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक तक्रार मांडू द्या, कारण ती गळ्याशी अडकलेली असताना पुढचं काही सुचणार नाही. तक्रार आहे सत्तावीस या आकड्याबद्दल.

इथे सत्तावीस वर्षांचं कोण आहे? हात वर करा पाहू. अरे वा, बरेच आहात! घाबरू नका, तुमच्यासाठी चांगली बातमी आणली आहे.

रॉक आणि पॉप संगीतातली ही गाजलेली नावं घ्या. ब्रायन जोन्स १९६९ मध्ये गेला. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, जिम मॉरिसन १९७१ च्या जुलैत. पुढे १९९४ मध्ये कर्ट कोबेन, २०११ मध्ये एमी वाइनहाउस. सगळे सत्तावीस वर्षांचे, म्हणून लोकांनी त्यांची एक यादी केली आणि त्या यादीला काहीतरी गूढ चिकटवलं. आता जरा पाहा हे गेले कसे. जोन्स पोहण्याच्या तलावात बुडाला. हेंड्रिक्स झोपेच्या गोळ्या घेऊन झोपला आणि उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरला. जॉप्लिन हेरॉइनने गेली, वाइनहाउस दारूने. कोबेन कित्येक वर्षं पोटाचं दुखणं आणि व्यसन दोन्ही अंगावर काढत होता, शेवटी त्याने आयुष्य संपवलं. मॉरिसनचं तर शवविच्छेदनच झालं नाही. यात गूढ कुठे आहे? यात आजार आहे, व्यसन आहे, आणि वेळेवर न मिळालेली मदत आहे.

आता ती चांगली बातमी. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला, अशा १,०४६ संगीतकारांची माहिती तपासली. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू जास्त होतात असं काही सापडलं नाही. तेव्हा हात वर केलेल्यांनी निर्धास्त बसावं. मात्र त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट निघाली. विशीतल्या आणि तिशीतल्या या संगीतकारांना मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा दोन ते तीन पट होता. म्हणजे खरी काळजी करायची ती पुरत्या वीस वर्षांची, आणि आपण एकाच वाढदिवसाकडे डोळे लावून बसलो आहोत.

एका जेवणाच्या टेबलावर मी ड्यूएन ऑलमनबद्दल सांगत होतो. काचेची औषधाची रिकामी बाटली बोटात घालून तो गिटारवर स्लाइड वाजवायचा. एकेक सूर असा ओढत न्यायचा की कुणीतरी गातंय असं वाटावं. मी रंगात आलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, ‘गेला तेव्हा वय काय होतं?’ म्हटलं, चोवीस. ते म्हणाले, ‘अरेरे, थोडक्यात हुकला की!’

तुम्ही हसलात, ठीक आहे. मी तेव्हा हसू शकलो नाही, आजही नाही. चोवीस वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून पडून मरतो आणि आपल्याला वाटतं की त्याचं काहीतरी हुकलं! या आकड्याच्या हिशेबात बडी हॉली बसत नाही, तो बावीसचा होता. जॉय डिव्हिजन बँडचा गायक इयन कर्टिस तेवीसचा. मेटॅलिका बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन चोवीसचा, स्वीडनमध्ये बँडची बस उलटली त्यात गेला. रँडी ऱ्होड्स पंचविसाचा; दौऱ्यावर असतानाही गावोगावी शिक्षक शोधून तो शास्त्रीय गिटारचे धडे घ्यायचा. आणि गिटारवादक स्टीव्ही रे वॉन! दारू आणि कोकेन सोडून त्याला जवळजवळ चार वर्षं झाली होती, हात पूर्वीपेक्षा स्वच्छ चालत होता, आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये कार्यक्रम आटोपून निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं. पस्तीस वर्षांचा होता. हेंड्रिक्सचंसुद्धा वय राहू द्या. त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला, २६ ऑगस्ट १९७० ला त्याचं उद्घाटन झालं आणि १८ सप्टेंबरला तो गेला. त्या खोलीत पुढे काय वाजलं असतं, या विचाराने मला आजही चैन पडत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मूळ विषयाकडे धावतच जाऊ.

माझं म्हणणं असं की शोक कसा करायचा हे बँडकडून शिकावं, कारण रिकामी झालेली जागा त्यांना रोज ऐकू येते. लेड झेपेलिनने त्यांचा ड्रमर जॉन बॉनम गेल्यावर १९८० च्या डिसेंबरात बँडच थांबवला. दुसरा ड्रमर सहज मिळाला असता, पण त्यांचं प्रत्येक गाणं त्या माणसाच्या ठोक्यावर उभं होतं. मला हा निर्णय पूर्ण पटतो. एसी/डीसीने त्याच वर्षी उलट केलं. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला, नवा गायक घेऊन जुलैत अल्बम आला, मुखपृष्ठ संपूर्ण काळं आणि सुरुवातीला घंटेचे टोल. तेही मला पटतं. जॉय डिव्हिजनने कर्टिसनंतर नावच टाकून दिलं, पण नव्या नावाने पहिलं गाणं काढलं ते त्याच्यासोबत रचलेलं. जॉप्लिनच्या शेवटच्या अल्बममध्ये एका गाण्यावर तिचा आवाज चढवायचा राहिला होता. सोबत्यांनी दुसरी गायिका आणली नाही, गाणं नुसतं वाद्यांवरच ठेवलं.

सगळ्यात मोठी दाद मात्र ड्यूएनच्या बँडला, ऑलमन ब्रदर्सना. ड्यूएनच्या जागी त्यांनी गिटारवादक घेतलाच नाही, पियानोवादक घेतला. साधारण वर्षभराने बेसवादक बेरी ओकली गेला, तोही मोटरसायकलवर आणि ड्यूएन पडला त्याच गावात. तरी १९७३ चा त्यांचा अल्बम ऐका. पियानो आणि गिटार एकमेकांना वाट देत जातात आणि ड्यूएनची नक्कल कुणीही करत नाही.

न पटलेलं उदाहरण एकच, आणि मेटॅलिकाच्या चाहत्यांनी रागावू नये. बर्टननंतरच्या १९८८ च्या अल्बममध्ये त्यांनी त्याच्या आठवणीत एक रचना ठेवली, तिथे मी हात जोडतो. पण त्याच अल्बमवर नव्या वादकाचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. गेलेल्याची जागा राखायची म्हणून जिवंत माणसाला गप्प बसवणं मला मान्य नाही, कारण काहीही असो. मागे दोन-तीन हात आत्ताच वर झालेत, तेव्हा इथे थांबतो. भांडायला सुरुवात करा.