‘ने’ दिसला की कर्मणी?

मला दिलेला विषय आहे ‘वाक्यं जोडायला कशी शिकवावीत’. त्याकडे येतोच, पण आधी ‘प्रयोग ओळखा’, म्हणजे वाक्य कर्तरी, कर्मणी की भावे ते सांगा, या प्रश्नाशी जरा भांडू द्या.

सातवी-आठवीच्या वर्गांत एक गुरुकिल्ली फिरते: कर्त्याला ‘ने’ दिसला की कर्मणी. मुलं त्यातलं ‘कर्त्याला’ गाळतात आणि नुसता ‘ने’ धरून बसतात. मग ‘राजू चाकूने आंबा कापतो’ कर्मणी ठरतं. ‘मी चिंच खाल्ली’ यात ‘ने’ नाही, म्हणून ते कर्तरी. ‘रियाने कुत्र्याला पकडलं’ हा सरळसरळ भावे, तोही कर्मणीच्या खात्यात. बोलताना मात्र यातलं एकही क्रियापद ही मुलं चुकवत नाहीत. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक १८३६ साली छापून आलं. त्याआधीही लोक ‘चिंच खाल्ली’च म्हणत होते, ‘चिंच खाल्ला’ नव्हे!

तेव्हा व्याख्या बाजूला ठेवा आणि एकच विचारा: क्रियापद कोणाचं ऐकतं? कर्त्याच्या दोन चिठ्ठ्या करा, राजू आणि रिया. कर्माच्या दोन, आंबा आणि चिंच. एका वेळी एकच चिठ्ठी बदलायची; दोन्ही बदलल्या की क्रियापद कोणामुळे हललं ते कळत नाही. ‘राजू आंबा खातो’ मध्ये रिया आली की ‘खाते’. कर्त्याचं ऐकलं, कर्तरी. ‘राजूने आंबा खाल्ला’ मध्ये रिया आणा, काही हलत नाही. चिंच आणली की लगेच ‘खाल्ली’. कर्मणी. दोघांचंही न ऐकणारा तो भावे.

वाक्यं निवडताना मात्र जपा. ‘रियाने मांजर पकडलं’ कर्मणी आणि ‘रियाने मांजराला पकडलं’ भावे, पण मांजर नपुंसकलिंगी, म्हणून क्रियापद दोन्हीकडे सारखंच दिसतं. कुत्रा घ्या: ‘कुत्रा पकडला’, ‘कुत्र्याला पकडलं’. भविष्यकाळही सुरुवातीला नको. राजूही ‘खाईल’, रियाही ‘खाईल’. तिथे लिंग बदलून काही उपयोग नाही, वचन बदलावं लागतं.

अध्यक्षांनीही एक चिठ्ठी सरकवली आहे. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

प्रयोग शिकवायचा तो एका गुणासाठी नाही, वाक्यं जोडण्यासाठी. ‘राजू बाजारात गेला आणि भाजी आणली’ हे वाक्य निबंधाच्या वह्यांत सर्रास सापडतं. पहिला भाग कर्तरी, दुसरा कर्मणी. ‘गेला’चा ‘राजू’ ‘आणली’ला चालत नाही, तिथे ‘राजूने’ लागतो. म्हणून ‘आणि त्याने भाजी आणली’, किंवा ‘राजूने बाजारात जाऊन भाजी आणली’.

दुसरी नेहमीची चूक ‘ऊन’ची. ‘राजू घरी येऊन आईने चहा दिला’: येणारा एक, देणारी दुसरी. इथे ‘आल्यावर’ हवं. तासाला दोनच छोटी वाक्यं द्या. आधी दोन्हींच्या कर्त्यांखाली रेघ. कर्ता एकच असेल तर ‘ऊन’, वेगळे असतील तर ‘ल्यावर’, कारण सांगायचं असेल तर ‘ल्यामुळे’. मग मोठ्याने वाचून घ्या, निम्म्या चुका कानच पकडतो.

‘राजू कविता विसरला’, ‘रिया कविता विसरली’: भूतकाळ, सकर्मक, तरीही कर्तरी. शिकणे, विसरणे ही मंडळी वेगळी का वागतात, ते आता चहाच्या वेळी.