काम संपल्यावरची धूळ

या छायाचित्रांत आहे ती परळमधल्या जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा. कडप्प्याचा ओटा जाऊन तिथे ग्रॅनाइट आले आहे, मोरीला नवी लादी बसली आहे, भिंतींवरची पुट्टी घासून झाली आहे. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगताना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात जाड आहे. खरी घातक धूळ आमच्या कॅमेऱ्याला टिपता आलेली नाही.

ग्रॅनाइट किंवा लादी कटरने कोरडी कापली की दगडातील सिलिका या खनिजाची भुकटी होते आणि तिचे सुमारे ५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली असती, तर यातील पुष्कळशी धूळ उठलीच नसती. पण घरात चिखल नको, असे मालकाचे म्हणणे असते.

आता झाडूकडे पाहा. झाडूचा प्रत्येक फटकारा खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा हवेत उडवतो, आणि नाकाला लावलेला पदर ती अडवू शकत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि तो घर झाडणाऱ्या ताईंना देणे हे घरमालकाचेच काम आहे.

दुसऱ्या खोलीत झाडू बाजूला ठेवलेला आहे. पंखा बंद, मुले शेजाऱ्यांकडे. आधी माळा, मग पंख्याची पाती, ग्रिल, खिडकीची खाच, भिंती आणि सर्वांत शेवटी लादी, या क्रमाने ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्याने एकाच दिशेने पुसत जायचे. फडके धुण्याची बादली वेगळी आणि तिचे पाणी गढूळ होताच बदललेले. विजेच्या बोर्डांवर मात्र ओले फडके फिरवू नये. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो, म्हणून यंत्र वापरायचेच असेल तर अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचे हवे. बादलीतला पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) गाळ मोरीत ओतला तर तो पाइपमध्येच घट्ट बसतो. तो खाली बसू द्यावा, वरचे पाणी टाकावे आणि गाळ राबिटच्या, म्हणजे तोडफोडीच्या कचऱ्याच्या, गोणीत भरावा.

या दारावरचा ऑइल पेंट जुना आहे. घरगुती रंगांतील विषारी शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, विशेषतः रांगते मूल असलेल्या घरात.

रोज दगड-लादी कापणाऱ्या कारागिरांना सिलिकाच्या धुळीतून सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ शकतो आणि तो बरा होत नाही.

रात्रीतून हवेतली उरलेली धूळ खाली बसेल, म्हणून उद्या सकाळी हीच पुसणी पुन्हा करायची आहे. एसीची जाळी धुऊन वाळेपर्यंत एसी बंदच राहील.