प्लास्टिकच्या तुकड्यानं वाढणारा आकडा

हा माणूस बघा, हवेत प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा धरून उभा आहे. समोर काहीच नाहीये. पण तिकडे कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवरचा गॅसचा आकडा चढायला लागलाय, आणि आधी वॉकीटॉकीवर सांगून अलार्म इनहिबिट, म्हणजे तात्पुरता बंद, केला नसता तर आत्ता प्लांटमध्ये पळापळ झाली असती.

हा ओपन-पाथ गॅस डिटेक्टर, गॅसची गळती पकडणारं यंत्र. दोन खांब आहेत, एकावर ट्रान्समीटर, दुसऱ्यावर रिसीव्हर, मध्ये शंभरेक मीटर न दिसणारा इन्फ्रारेड बीम, आणि शेजारून पाइपलाइन, पंप, फ्लँज (पाइपांचे जोड), म्हणजे लीक व्हायच्या सगळ्या जागा. मिथेनला वास नसतो हो, घरच्या सिलिंडरचा वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. पण मिथेन, प्रोपेन, ब्युटेन सगळ्यांत कार्बन-हायड्रोजन बॉन्ड, आणि ते ३.४ मायक्रॉनच्या आसपासचं इन्फ्रारेड शोषून घेतात. मग रिसीव्हर दोन तरंगलांब्या बघतो, एक गॅस खातो ती आणि एक त्याला चालत नाही ती. दोन्ही मंदावल्या तर धुकं नाहीतर मळकी काच, पण फक्त पहिलीच मंदावली तर गॅस. एवढी साधी युक्ती, मला तर जाम आवडते.

आणि प्लास्टिक? त्यातही तेच कार्बन-हायड्रोजन बॉन्ड की! म्हणून बीम फसतो, आणि तो फसला म्हणजे यंत्र जागं आहे.

आता आकडा. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, त्याला म्हणायचं १०० टक्के एलईएल (लोअर एक्स्प्लोझिव्ह लिमिट, पेट घ्यायची किमान पातळी). असा ढग १ मीटर जाड असला तर रीडिंग १ एलईएल मीटर, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा विरळ ढग १० मीटर पसरला तरी रीडिंग तेच, १. म्हणजे गॅस आहे हे कळतं, पण पंपाजवळ दाटलाय की सगळीकडे विरलाय, ते नाही कळत, त्यासाठी जागोजागी पॉइंट डिटेक्टर, म्हणजे फक्त आपल्या जागेवरचा गॅस मोजणारे, लावावेच लागतात. हायड्रोजन तर याला दिसतच नाही.

१९८८ मध्ये ६ जुलैच्या रात्री नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर स्फोटाआधी गॅसचे अलार्म वाजले होते. पण हातात वेळच उरला नव्हता. १६७ माणसं गेली.

आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात मात्र रोजचं दुखणं वेगळंच, खारी हवा, काचेवर थर, खांब जरासा हलला की बीम चुकलाच. टेस्ट झाली, आता हा फडकं घेऊन दुसऱ्या खांबाकडे निघालाय.