आधी आवाज, मग गाडी

नमस्कार श्रोतेहो.

घरोघरी कूलर आले नव्हते तेव्हाची, मे महिन्यातली नागपूरची रात्र. अजनीच्या रेल्वे कॉलनीत आम्ही अंगणात खाटा टाकून, उशाशी सुरई ठेवून झोपायचो. अकरा-साडेअकराला रुळांकडून एक आवाज सुरू व्हायचा. ढुगढुगढुग... सिग्नलला थांबलेल्या मालगाडीचं डिझेल इंजिन. बराच वेळ तेवढंच चालायचं. त्या ठेक्यावर माझी धाकटी बहीण झोपी जायची आणि मी जागा व्हायचो, कारण मला पुढचं ऐकायचं असायचं. सिग्नल मिळाला की तो ठेका गोळा व्हायचा, जाड व्हायचा, वर चढायचा, खाटेच्या पाट्या थरथरायच्या. आणि गाडी? गाडी जागची हललेली नसायची! चांगली पाच-सात सेकंद नुसती गर्जना. मग डब्यांच्या जोडण्या ताणल्याचा खणखणाट पुढून मागे धावत जायचा, आणि त्यानंतर कुठे चाकं फिरायला लागायची.

शेजारचे काका डिझेलवर ड्रायव्हर होते. एकदा त्यांना विचारलं, "काका, गाडी हलत नाही तर इंजिन ओरडते कायले?" काका दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "ते अजून वीज बनवून राहिलं ना बाबू."

पुढे मी आयुष्यभर विजेची यंत्रं शिकवली, फळ्यावर शेकडो आकृत्या काढल्या. पण सगळा विषय काकांच्या त्या एका वाक्यात येऊन गेला होता.

आपण ज्याला डिझेल इंजिन म्हणतो, त्यातलं डिझेल चाकाला हातही लावत नाही. इंजिन फिरवतं जनित्र, जनित्र बनवतं वीज, ती वीज जाते खाली आसांवर बसवलेल्या सहा मोटारींना, आणि चाकं फिरवतात त्या मोटारी. म्हणजे हे चाकांवर ठेवलेलं वीजघरच झालं, आपल्या कोराडीच्या वीज केंद्राचं नातवंड म्हणा. म्हणून वर गर्जना आणि खाली शांतता, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

वाफेच्या इंजिनाचं तसं नव्हतं. तिथे दट्ट्या थेट चाकाला जोडलेला. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार वेळा भक्. चाक थांबलं की भकभक थांबली. वाफेचं इंजिन आपल्याला वेग सांगायचं. डिझेलच्या आवाजातून ऐकू येतात ते कष्ट.

ज्या इंजिनाविषयी मी बोलतो आहे त्याचं सरकारी नाव डब्ल्यूडीएम-टू. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. मूळ अमेरिकेतलं, अल्को कंपनीचं. १९६२ साली ती तिकडून येऊ लागली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार व्हायला लागली. तिकडे १९६९ मध्ये अल्को कंपनीच बंद पडली. आपल्याकडे मात्र त्याच घराण्याची इंजिनं पुढे कित्येक दशकं बनत राहिली. माहेर बुडालं, सासरी वंश वाढला.

सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन जवळजवळ ११३ टन. शाळेत असताना मला २६०० हा आकडा फार मोठा वाटे. काकांना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी महत्त्वाचा आकडा दुसरा होता: सुरुवातीची ओढ, सुमारे ३० टन.

या दोन आकड्यांतला फरक विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. शंकरपटातला बैल वेगळा आणि चिखलात रुतलेली कापसाची बंडी बाहेर काढणारा बैल वेगळा. पहिल्याकडे वेग, दुसऱ्याकडे ओढ. आगगाडीला दोन्ही लागतात, आणि या इंजिनात दोन्ही कामं त्याच सहा मोटारी करतात. मोटार थांबलेली असते तेव्हा ती सर्वात जास्त प्रवाह खेचते, आणि त्या जातीच्या मोटारीत जोरही तेव्हाच सर्वात जास्त मिळतो. फिरायला लागली की ती स्वतःच विजेचा उलटा दाब तयार करते, प्रवाह कमी होतो, ओढ उतरते. ताशी वीसेक किलोमीटरला जी ओढ असते, तिचा शंभरच्या वेगाला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. तोवर गाडी धावती झालेली असते, तिला तेवढी गरजही नसते.

आता थोडा हिशेब करू. २००० टनांची कोळशाची गाडी समजा. चढ शंभराला एक, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नुसत्या चढापायी २० टन ओढ गेली. चाकांचं घर्षण, वारा वगैरेंचे आणखी चार-सहा टन धरा. ३० टनांच्या इंजिनाकडे फारसं काही शिल्लक राहत नाही. मग दोन इंजिनं जोडायची, किंवा मागून ढकलायला बँकर लावायचा. इटारसीहून नागपूरकडे येताना धाराखोह ते मरामझिरीच्या घाटात मालगाड्यांना असा बँकर लागायचा. पुढचं इंजिन ओढतंय, मागचं ढकलतंय, आणि मधे अर्धा किलोमीटर वाघिणी.

दोन इंजिनं जोडीनं चालली की एक मजेदार गोष्ट ऐकू येते. दोघांचे फेरे अगदी सारखे कधीच नसतात. मग आवाज आपोआप लहानमोठा होत राहतो, घुंऽऽ... घुंऽऽ... दोन तंबोरे जवळजवळ जुळलेत पण पुरते नाहीत, तसा. अंगणात पडल्यापडल्या मी त्यावरून ओळखायचो, आज जोडी आहे.

ड्रायव्हरच्या हाताशी आठ नॉचचं, म्हणजे आठ पायऱ्यांचं हँडल. शून्यावर इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेतं, आठव्या नॉचला १०००. समोर मोटारींचा प्रवाह दाखवणारा काटा. काका सांगत, नजर सिग्नलवर, पण मन काट्यावर. एक नॉच द्यायचा, काटा चढून खाली यायला लागला की दुसरा. घाई केली, लांब गाडीला झटका बसला, तर जोडणी तुटून गाडी पार्ट होते. अजनीच्या अंधारात ऐकू येणारा तो एकेक पायरीनं चढणारा आवाज म्हणजे कुणाचा तरी सावध हात होता. पाचव्या-सहाव्या नॉचपर्यंत मी मोजायचो. मधेच धुरांड्यातून काळा लोट उसळायचा, कारण तेल आधी पोचतं आणि हवा कोंबणारा टर्बो वेग घ्यायला क्षणभर मागे राहतो. सकाळी वाळत घातलेल्या चादरींवर काजळी दिसली की आई रेल्वेचा उद्धार करायची, आणि बाबा स्वतः रेल्वेतले असल्यानं निमूट चहा प्यायचे.

गाडी दूर गेल्यावर आवाज एकदम क्षणभर मावळायचा आणि पुन्हा भरून यायचा. लहानपणी वाटायचं, इंजिनानं श्वास घेतला. वेग वाढल्यावर मोटारींची जोडणी आतल्या आत बदलते; तेवढ्यापुरती वीज तोडावी लागते. खरं कारण कळल्यावरही मला तो श्वासच वाटत आला आहे, आणि विद्यार्थ्यांनाही मी तसंच सांगितलं.

पावसाळ्यात मात्र सगळी लय बिघडायची. पोलादी चाक पोलादी रुळावर. पकड वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढी, तीही रूळ कोरडा असेल तर. इंजिन ११३ टनांचं का, तर त्या पकडीसाठी. पहिल्या सरीनंतरचा रूळ सर्वात वाईट, धूळ आणि तेलाचा नुसता चिकटा. चाक जागीच गरगरलं की हँडल मागे घ्यायचं, चाकापुढे हवेच्या दाबानं वाळू सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या प्रचंड यंत्राची मदार शेवटी पसाभर कोरड्या वाळूवर.

नॅरोगेजबद्दल एक शब्द, नाहीतर इतवारी आणि मोतीबागचे श्रोते रागावतील. तिथली चित्तरंजनच्या कारखान्यातली छोटी डिझेलं या जातीची नव्हती. त्यांच्यात चाकांसाठी वीज नव्हती, तेलाच्या प्रवाहातून जोर चाकांकडे जायचा. मोतीबागच्या संग्रहालयात २००२ पासून नॅरोगेजचा संसार मांडून ठेवला आहे, नातवंडांना जरूर दाखवा.

१९९० च्या आसपास आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर तारा आल्या आणि अंगणातले आवाज हळूहळू बदलले. विजेवरच्या इंजिनाची ओढ चांगली, धूर नाही, चादरी पांढऱ्या. तक्रारीला जागा नाही. फक्त त्याचं वीजघर कोराडीत किंवा चंद्रपुरात असतं, त्यामुळे कष्ट होतात तिकडे आणि इथे ऐकू येते ती थंड करणाऱ्या पंख्यांची सूं सूं. त्यावरून गाडी भरलेली की रिकामी, मला अजून सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात अजनीच्या पुलावरून पायी येत होतो. खाली एक जुनं डिझेल एकटंच उभं होतं, रंग उडालेला, ढुगढुग चाललेली. मी कठड्याला टेकलो. सिग्नल पडला. पहिला नॉच, दुसरा, तिसरा... चौथ्याला मागून ऑटोवाल्यानं जो हॉर्न धरला तो सोडेचना. "काका, बाजूनं व्हा ना," तो ओरडला. बाजूला होऊन पुन्हा कान दिला, तेव्हा इंजिन पुलाखालून निघून गेलं होतं आणि धूर तेवढा वर येत होता.

नमस्कार.