जुनी होडी दोनदा पाहावी

(दृश्य: देवबागचा किनारा, मे महिन्याची अखेर. माडांच्या सावलीत ओढून ठेवलेल्या होड्या.)

मालवण तालुक्यातले देवबाग हे गाव जमिनीच्या एका अरुंद पट्टीवर वसलेले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि पट्टी संपते तिथे दोन्ही पाण्यांचा संगम. होडी इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. तरीही स्वतःच्या नावावर पहिली होडी घेणे ही इथल्या तरुणासाठी घर बांधण्याइतकी गंभीर गोष्ट असते. नवी फायबरची होडी आणि तिच्या मागे बाहेरून अडकवायचे नवे आउटबोर्ड इंजिन यांचा खर्च एकदम पेलणे फार थोड्यांना जमते, म्हणून पहिली होडी बहुधा जुनीच घेतली जाते.

आज जो तरुण होडी पाहायला आला आहे, त्याने काही वर्षे दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून काम केले आहे. त्याला समुद्र कळतो, जाळे कळते. परंतु होडी विकत घेणे हे वेगळेच शहाणपण आहे. म्हणूनच त्याने सोबत गावातल्या एका वयस्कर तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, आणले आहे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि त्यामुळे मे संपता संपता, उधाणाची भरती साधून, होड्या वर ओढल्या जातात. जुनी होडी पाहण्याचा हा पहिला योग्य काळ. एरवी पाण्याखाली असलेला तळ आता उघडा आहे, चार दिवसांच्या उन्हात वाळलेला आहे, आणि वाळलेल्या तळावरची भेग लपवणे अवघड असते. घाई करणारा माणूस सप्टेंबरच्या अखेरीस, पर्यटकांचा हंगाम तोंडावर आल्यावर होडी शोधू लागतो; तेव्हा भाव चढलेला असतो आणि होडी आधीच पाण्यात असते.

(दृश्य: होडीची मागची बाजू, जवळून.)

पहिल्यांदा होडी घेणारा जवळजवळ नेहमीच थेट इंजिनाकडे जातो. आमच्या मते ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. इंजिन दुरुस्त होते, बदलता येते, विकताही येते. परंतु ते ज्या मागच्या उभ्या फळीवर अडकवलेले असते, ती आतून कुजलेली असेल तर सगळाच व्यवहार तोट्याचा ठरतो. अनेक फायबर होड्यांमध्ये ही फळी म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये दाबून बसवलेले प्लायवुड असते. इंजिनाचे बोल्ट तिच्यातून आरपार जातात, आणि बोल्टाभोवतीचा पाणी रोखणारा मसाला सुकून तडकला की खारे पाणी थेंबाथेंबाने आत उतरते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो, आत मात्र लाकडाचा भुगा होत असतो.

तात्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतात आणि त्याच्या लाकडी मुठीने फळीवर वरपासून खालपर्यंत, वीतभर अंतराने, हलकेच ठोकत जातात. टक्, टक्, टक् असा खणखणीत आवाज येत राहतो. उजव्या बाजूच्या खालच्या बोल्टाशी मात्र तो बसका होतो. तिथे बोल्टाखाली तपकिरी पाण्याचा एक ओघळ वाळलेला आहे. मग ते वर उचललेल्या इंजिनाचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून सावकाश वरखाली दाबतात, आणि तरुणाला इंजिनाकडे न पाहता फळीकडे पाहायला सांगतात. फळी वाकत नाही. म्हणजे ओल शिरली आहे, पण अजून पसरलेली नसावी. ती पसरली असती, तर आतला फायबरचा थर कापून, कुजलेले लाकूड खरवडून, नवे प्लायवुड बसवावे लागले असते. आणि त्या कामाचा खर्च कधी कधी जुन्या होडीच्या किमतीलाही मागे टाकतो.

तळावर हात फिरवताना लहान फोड लागतात का, जुन्या दुरुस्तीचे ठिगळ कुठे आहे, पायाखालची फळी दबते का, हेही ते पाहतात.

कागदपत्रे या पहिल्या भेटीतच पाहून घ्यावीत. मासेमारीची होडी असेल तर तिची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडचा असतो. खाडीत पर्यटकांना फिरवायचे असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते, आणि मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी बसवता येत नाहीत. खाडी आणि नद्यांतल्या होड्यांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने घेतली आहे. होडीवर बँकेचा किंवा संस्थेचा बोजा आहे का, आणि इंजिनाच्या पट्टीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे विचारण्यात संकोच करू नये. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले, तेव्हापासून या किनाऱ्यावर होडीची ओळख ही निव्वळ औपचारिकता राहिलेली नाही.

(दृश्य: पाऊस. झापांखाली झाकलेली होडी. नंतर नारळी पौर्णिमेनंतरची खाडी.)

दुसरी भेट पाण्यातली. नारळी पौर्णिमा उलटली आहे आणि होडी खाडीत उतरवली आहे. तरुण दोरी ओढून इंजिन सुरू करणार, इतक्यात तात्या त्याला थांबवतात.

“झिला, पयलो हात लावन बघ.”

इंजिन थंड आहे का, हे त्यांना पाहायचे आहे. गरम असेल, तर विकणाऱ्याने ते आधीच चालवून ठेवलेले असते, आणि थंड इंजिन सुरू होताना किती त्रास देते हे मग कळत नाही. इंजिन थंडच आहे. चौथ्या ओढीला ते सुरू होते आणि मागून पाण्याची बारीक धार पडू लागते. ही धार जोरकस असली पाहिजे, कारण थंड करणारे पाणी इंजिनात फिरते आहे याची ती खूण आहे. देवबागसारख्या रेतीच्या ठिकाणी पंपातला रबरी पंखा लवकर झिजतो, म्हणून तो बदलून केव्हा घातला, हे विचारावेच.

खालच्या गिअरमधले तेल मे महिन्यातच थोडे काढून पाहिले होते. ते दुधाळ चहासारखे दिसले असते, तर सीलमधून पाणी आत गेले असा अर्थ झाला असता. पुष्कळदा त्याचे कारण होडी ढकलणाऱ्या बाहेरच्या पंख्यामागे गुंडाळला गेलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, असतो. तो फिरत्या दांड्यावर आवळत जातो आणि सील कापतो.

इंधनाच्या टाकीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ही अडचण अलीकडे वाढली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये ओल वाढली, की पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी वेगळा साचतो. इंधनाची नळी तळातूनच ओढत असल्यामुळे तो थर आधी इंजिनात जातो. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्यांनाही हे मिश्रण मानवतेच असे नाही. म्हणून जुने पेट्रोल काढून टाकावे, नळ्या बदलाव्यात, आणि हा खर्च किमतीत आधीच धरावा.

होडी संगमापर्यंत जाते. पूर्ण वेगात, मग सावकाश, मग दोन्ही अंगांना वळवून, असा पाऊण तास ती चालवली जाते. इंजिन बंद केल्यावर तरुण तळाची फळी उचलतो. खाली पेलाभर पाणी आहे.

तात्या त्यात बोट बुडवून जिभेला लावतात. खारट असते तर कुठून तरी गळती होती.

“गोडा आसा. रातच्या पावसाचा.”

किनाऱ्यावर परतल्यानंतर व्यवहार ठरतो, पण पूर्ण पैसे दिले जात नाहीत. उजव्या बाजूचा बोल्ट काढून, भोक सुकवून, नवा मसाला भरून द्यायचा आणि होडी तरुणाच्या नावावर चढल्याचा कागद हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यायची, असे तात्यांच्या समोर बोलून होते. तरुण विसाराचे पैसे मोजतो, एकदा स्वतः आणि एकदा विकणाऱ्याकडून मोजून घेतो, आणि होडीची दोरी माडाला बांधायला वळतो.